बटण चालू केलं होतं का?

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. नाशिकला द्वारकेच्या चौकापासून पाच मिनिटांवर, एका कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटला माझं दुकान आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कमेंटमध्ये कोणीतरी "ब्राइटनेस कमी करून बघा" असं लिहिणारच. बघितलं कमी करून. बॅटरी रिपोर्ट काढला, अपडेट बंद केले, चार्जर बदलला, बॅटरीसुद्धा बदलून आणली. सगळं करून झालंय, म्हणूनच इथे लिहायला बसलोय.

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे की नाही, ते मला नीट सांगता येणार नाही... आमच्या धंद्यात प्रत्येक बिघाडाला कारण असतं, आणि बऱ्याचदा ते कारण काउंटरपलीकडे उभं राहून आपल्याशीच भांडत असतं. "चार्जच होत नाही" म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न ठरलेला — भिंतीवरचं बटण चालू केलं होतं का? लोकांना राग येतो. आम्ही काय येडे आहोत का, म्हणतात. मग घरी जातात आणि संध्याकाळी ओशाळून फोन करतात. पिन खोचायची आणि बटण दाबायचं विसरायचं, हे मी वीस वर्षं बघतोय.

आमचं घर उपनगरात, तीन खोल्यांचं. घरात आता मी आणि बायको, सुजाता, दोघंच. मुलगी ऋतू पुण्याला शिकते. गेल्या दिवाळीनंतर सुजाताला घरबसल्या एक काम मिळालं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. दहा ते एक, मग जेवायची सुट्टी, मग दोन ते सहा. तीन महिने बघणार आणि मग कायम करणार, असं ठरलेलं. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला पहिली नोकरी लागली होती. मी आडवा आलो नाही, पण "या वयात कशाला ताप करून घेतेस?" एवढं एकदा बोललो होतो. एकदाच. सुजाता एकदा ऐकलेलं विसरत नाही, हे लग्नाला पंचवीस वर्षं होऊनही माझ्या लक्षात राहत नाही.

लॅपटॉप मीच निवडून आणला, अगदी नवा. कंपनी आठ तास बॅटरी सांगते. कंपनीचे आठ म्हणजे आपले पाच, हे मला माहीत होतं आणि तिच्या कामाला ते पुरेसंही होतं. ती आतल्या खोलीत बसायची, कारण हॉलमध्ये रस्त्याचा आवाज फार. आतल्या खोलीतला एकुलता एक सॉकेट कपाटामागे गेलेला. म्हणून ठरलं असं, की एक वाजता तिने लॅपटॉप हॉलमध्ये आणायचा, टीव्हीशेजारच्या बोर्डाला लावायचा आणि जेवून दोन वाजता परत आत न्यायचा. तासाभराच्या चार्जिंगवर संध्याकाळचे सहा आरामात वाजायला हवेत.

वाजायचे पावणेपाच. मग स्क्रीन काळी! ती धावत हॉलमध्ये येऊन चार्जर लावणार, लॅपटॉप उघडून परत चॅटवर येणार, तोवर तिकडे दहा मिनिटं ती गायब. तिच्या वरच्या मॅडमना ते लगेच दिसतं. पहिल्या महिन्यात तिला एक ताकीद मिळाली, दुसऱ्या महिन्यात दुसरी. तिसरी ताकीद देत नाहीत, सरळ नारळ देतात, असं तिच्या बरोबरची एकजण म्हणाली होती.

"घरचाच डॉक्टर असून माझीच ही अवस्था," सुजाता म्हणाली.

रविवारी लॅपटॉप दुकानात नेला. पूर्ण चार्ज केला, तिचंच काम चालतं तसा लोड दिला आणि घड्याळ लावून बसलो. सव्वापाच तास चालला. घरी आणला, सोमवारी पुन्हा पावणेपाचला बंद. मग माझी चिडचिड सुरू झाली. झाकण लावल्यावर तो खरंच झोपतो की आत जागाच राहतो, ते तपासलं. पाठीमागे काय काय चालतं ते एकेक बंद केलं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चार दिवस ठेवला. त्यांनी वॉरंटीत बॅटरी बदलून दिली आणि "सर, तुम्ही तर याच लाइनचे," असं म्हणून हसले. नवी बॅटरीही घरी आली की तशीच!

शेवटी मी तो रिपोर्ट काढला. खरं तर आधीच काढायला हवा होता, पण तेव्हा मी फक्त बॅटरीची तब्येत बघितली होती, रोजची नोंद बघितलीच नव्हती. लॅपटॉप कधी चार्जरवर होता आणि कधी बॅटरीवर, हे त्यात मिनिटासकट असतं. सोमवारी एक वाजून तीन मिनिटांनी चार्जर लागला होता आणि एक एकवीसला निघाला होता. मंगळवारी एक वीस. बुधवारी पुन्हा एक वीस. म्हणजे तासाभराचं चार्जिंग होतच नव्हतं, जेमतेम अठरा मिनिटं व्हायचं. बॅटरी बिचारी ठणठणीत होती. तिला कोणी जेवूच देत नव्हतं.

मी सुजाताला माझा ठरलेला प्रश्न विचारला. "बटण चालू केलं होतंस का?"

"केलं होतं. लाल दिवा बघून मगच स्वयंपाकघरात जाते मी."

"आणि दोन वाजता काढताना बटण कसं असतं?"

दोन वाजता ती लॅपटॉपची पिन काढायची आणि आत पळायची. बटणाकडे कोण बघतं? दुसऱ्या दिवशी तिने बघितलं आणि मला दुकानात फोन केला. पिन जागेवर होती, बटण मात्र बंद होतं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी रोज सव्वा वाजता घरी जेवायला येतो आणि पावणेदोनला निघतो. एक वीसला घरात दोनच माणसं असतात. त्यातलं एक माणूस स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असतं आणि दुसरं हात धुवायला हॉलमधून मोरीकडे जात असतं. वाटेत तो बोर्ड.

संध्याकाळी घरी आलो तर चहा नाही, काही नाही. सुजाता सोफ्यावर बसून होती.

"मला नोकरी करू द्यायची नव्हती तर तसं सांगायचं होतं," ती म्हणाली. "हे असं कशाला?"

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसू आलं, आणि ती मोठी चूक झाली.

"मी नाही केलं गं. मी कशाला करीन?"

"मग कोणी केलं? घरात तिसरं कोण आहे?"

"मी नाही केलं," मी पुन्हा म्हणालो. दुसऱ्यांदा माझा आवाज वेगळाच आला... जरा चढलेला, आणि खोटं बोलणाऱ्या माणसासारखा.

सुजाता उठली आणि आत जाता जाता म्हणाली, "अण्णापण असंच म्हणायचे."

अण्णा म्हणजे माझे वडील. ते मनमाडला रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलचे आणि रूळ बदलायचे लिव्हर ओढायचे. आई गेल्यावर ते आमच्याकडे नाशिकला आले. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. घरभर फिरून ते दिवे-पंखे बंद करत. आम्ही चिडवायचो, ऋतू तर "आजोबांचं लोडशेडिंग" म्हणायची. इथवर सगळं गमतीत होतं. पण मग भलतंच काही बंद सापडायला लागलं. आम्ही घरात असताना, भरदुपारी फ्रीज बंद. पाण्याची मोटर बंद. सुजाताचं कणकेचं यंत्र मध्येच बंद. अशा वेळी आम्ही कोणी उठून बघतही नसू. हातातलं काम चालू ठेवून, मान न वळवता नुसतं म्हणायचो, "अण्णा असतील."

अण्णा मात्र प्रत्येक वेळी सांगायचे, "पंखा म्या बंद केला, ते खरं हाय. फ्रीज म्या नाय केला."

दोन वर्षांपूर्वी ऋतूची ऑनलाइन परीक्षा होती, दुपारचीच. मध्येच राउटर बंद झाला आणि पेपर गेला. पोरगी रडून रडून लाल झाली. मी दुकानातून आलो आणि अण्णांना नको ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. अण्णा खुर्चीत सरळ बसून होते. म्हणाले, "सुनील, केबिनमधी लिव्हर वढला की मोठ्यानं बोलून सांगायचं असतंय. जो वढील त्यानंच बोलायचं. लपवलं तर गाडीखाली माणूस जातंय. चौतीस वर्षं म्या बोलत आलो. आत्ता कशाला लपवू? म्या नाय केलं."

मी म्हणालो, "तुम्हाला आठवत नसेल."

हे वाक्य बोलायला फार सोपं असतं. म्हाताऱ्या माणसाकडे त्याला उत्तर नसतं. आठवड्याभरात मी त्यांना नांदगावला आक्काकडे, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीकडे, सोडून आलो. थोडी हवापालट, असं सांगून. त्यांनी काही विचारलं नाही. सात महिन्यांनी ते तिकडेच गेले. तोवर मी दोनदा भेटून आलो होतो. परत चला, असं मात्र म्हणालो नव्हतो.

अण्णा गेल्यानंतर आमच्याकडे असं काही झालं का? खरं सांगू... लक्षच दिलं नाही. ऋतू पुण्याला गेली होती, मी दिवसभर दुकानात, सुजाता घरकामात. एखादं बटण बंद दिसलं तर आपणच केलं असेल म्हणून पुढे जायचं. बटणाच्या मागे लागायची वेळ आली ती या लॅपटॉपमुळे.

असो. माझ्यावरचा आळ काढायचा म्हणून मी घरी जेवायला येणं बंद केलं आणि दुकानात डबा खाऊ लागलो. पाच दिवसांत तीनदा बटण बंद झालं. मला वाटलं होतं, आता तरी सुजाताची खात्री पटेल. पण झालं उलटंच. ती स्वतःवरच शंका घ्यायला लागली. गॅस बंद केला का ते तीनतीनदा बघायची. एक दिवस मला म्हणाली, "अहो, मलाच आठवत नसेल का? मीच बंद करत असेन का?" तिचा चेहरा असा उतरला होता, की त्यापेक्षा माझ्यावरचा आळ बरा होता.

वायरमनला बोलावलं. त्याने बटण उघडून स्प्रिंग बघितली, चांगली आहे म्हणाला, तरीही नवं बटण बसवलं. नवंही दुसऱ्याच दिवशी बंद झालं. मग लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या बोर्डाला लावला. हॉलमधलं राहिलं बाजूला, स्वयंपाकघरातलं बंद! तेही सुजाता ओट्याकडे तोंड करून उभी असताना. दुकानातला एक जुना मोबाईल बोर्डासमोर लावून दोन दिवस रेकॉर्डिंग केलं. त्या दोन्ही दिवशी बटण चालूच राहिलं. मोबाईल काढला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बंद. मी या सगळ्याला इतका कंटाळलो होतो, की भीतीबिती वाटायला अंगात जोरच उरला नव्हता. लोक अशा गोष्टींत घाबरतात म्हणे. आमच्याकडे नुसता थकवा आला होता.

सुजाताच्या मॅडमनी तेवढ्यात फोन करून सांगितलं, की महिनाअखेरीला कायम करायचं की नाही ते ठरेल, आणि पुन्हा एकदा गायब झालात तर ठरवायची गरजही राहणार नाही. फोन ठेवून तिने कॅलेंडरवर महिनाअखेर बघितली. मग म्हणाली, "रविवारी आपण दोघं बसू त्याच्यासमोर."

बसलो. रविवार, भर उन्हाची वेळ. जेवण आधीच उरकून घेतलं होतं. लॅपटॉप हॉलमध्ये बोर्डाला लावला, बटण चालू केलं, लाल दिवा बघितला. दार लावलं. बोर्डापासून चार हातांवर दोन खुर्च्या टाकल्या आणि दोघं बसलो, एसटीची वाट बघत बसावं तसे. एक पाच. एक दहा. पंखा फिरत होता. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याच्या पाण्याचा आवाज येत होता. बटणाकडे बघून बघून डोळे चुरचुरायला लागले.

एक सतरा, अठरा झाले असतील. मला एकदम या सगळ्याचं हसूही आलं आणि वाईटही वाटलं. पन्नाशीची दोन माणसं, रविवारच्या दुपारी, एका बटणावर पहारा देत बसलेली. मी बोर्डावरची नजर न काढता म्हणालो, "सुजाता, मी 'या वयात कशाला' म्हणालो ना तेव्हा... ते चुकलंच माझं. तू छान करतेस काम. लॅपटॉप तपासताना बघितली ना मी तुझी उत्तरं."

मी वळून बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती माझ्याकडे बघत होती. दोघांचीही नजर बोर्डावरून हलली, ती एवढीच. दोन सेकंद, फार तर तीन.

टक्.

आवाज अगदी साधा होता. रोज शंभरदा ऐकतो तसा. आम्ही दोघांनी एकदम बघितलं. बटण वर गेलेलं होतं आणि दिवा विझलेला होता. लॅपटॉपच्या घड्याळात एक वीस. माझे दोन्ही हात माझ्या मांडीवर होते आणि तिचे तिच्या पदरात.

पहिल्यांदा सुजाताच बोलली. माझ्या दंडाला धरून म्हणाली, "तुम्ही नाही केलं."

"नाही."

"मीपण नाही केलं."

"नाही गं."

तिच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी जरा सैलपणा आला. माझ्याही छातीवरचं ओझं उतरलं, खोटं कशाला बोलू. मी उठून बटण पुन्हा चालू केलं. आता पाणी प्यावं म्हणून वळलो, तर ती तिथेच उभी होती, बोर्डाकडे बघत.

"मग अण्णांनी तरी..." ती म्हणाली.

मी पाणी प्यायलोच नाही.

संध्याकाळी नांदगावला आक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून मग विचारलं, अण्णा तुझ्याकडे असताना बटणं बंद करायचे का, फ्रीज वगैरे?

"न्हाय रे," आक्का म्हणाली. "माझ्याकडं कायबी बंद व्हायचं नाय. उलट लय तऱ्हा होती त्यांची. बोर्डाजवळ जायाचेच नाय. पंखा पायजे आसला तरी मला हाक मारायचे, उकाड्यात बसून ऱ्हायचे पन हात लावायचे नाय. मी म्हनायचे, अण्णा, बटन काय चावतंय व्हय? तर म्हनायचे, तूच लाव बाई, पुन्यांदा माझ्यावर नको."

मी फोन सुजाताच्या हातात दिला. आक्का "हॅलो, हॅलो" करत होती.

आता इथवर वाचलंत, तर तुम्हाला विचारतो. अण्णा गेल्यावरही बटण बंद होतंय, याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे अण्णा अजून घरात आहेत आणि जुन्या सवयीने फिरतायत. वाचणाऱ्याला याची भीती वाटेल, पण मला तो अर्थ हवाहवासा वाटतो. कारण दुसरा अर्थ असा, की जे कोण किंवा जे काय आज बंद करतंय, तेच तेव्हाही करत होतं. फ्रीजही त्यानेच, मोटरही त्यानेच, ऋतूचा राउटरही त्यानेच. आणि जो माणूस जन्मभर ओढलेला लिव्हर मोठ्याने बोलून सांगत आला, त्याला मी खोटं पाडलं, घरातून काढलं. शेवटच्या उन्हाळ्यात पंख्याचं बटण दाबायलाही तो भ्यायला, तो माझ्यामुळे.

म्हणून मी, भूत न मानणारा माणूस, रोज मनातल्या मनात म्हणतो, की हे भूतच असू दे आणि ते अण्णांचंच असू दे. पण मग आक्काकडचं आठवतं आणि तिथेच गाडी अडते. कारण माझं मलाच माहीत आहे, अण्णांनी केलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

सुजाता महिनाअखेरीला कायम झाली. ती आता जेवताना मध्ये उठून बटण बघून येते, बंद असलं तर चालू करते आणि परत येऊन बसते. बॅटरी सहापर्यंत पुरते. माझं दुकानही चालू आहे. येणाऱ्या प्रत्येकाला मी अजून तोच प्रश्न विचारतो, फक्त ते "केलं होतं" म्हणाले की आता वाद घालत नाही. स्पष्टीकरण विचाराल, तर आजही माझ्याकडे काही नाही. कोणाकडे असेल तर कळवा, पण स्प्रिंग सोडून काहीतरी सांगा.

काल मी घरी जेवायला आलो होतो. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो होतो, मेथीची भाजी होती. एक वीसला हॉलमधून आवाज आला, टक्. सुजाता घास घेत होती. मान न वळवता, तोंडातल्या तोंडात ती म्हणाली, "अण्णा असतील."

बोलली, आणि तिचं तिलाच कळलं. तिचा हात ताटातच राहिला. मग ती डावा हात टेकून उठली, हॉलमध्ये गेली आणि बटण चालू करून आली. ताटावर बसताना, कोणाकडेही न बघता, पण चांगलं मोठ्याने म्हणाली, "बटण मी चालू केलं."